पिंग होतं पण अपडेट अडकतं: एका कॉलेजच्या ओपनस्टॅक नेटवर्कची केस

तक्रार अशी होती की नवीन व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारं आभासी मशीन) बनवली की पिंग होतं (छोटं पॅकेट पाठवून उत्तर येतं का बघायची चाचणी), डीएनएसने नावं पण नीट रिझॉल्व्ह होतात, पण एपीटी अपडेट (उबुंटूचं सॉफ्टवेअर अपडेट) मारलं की शून्य टक्क्यावर जाऊन बसतं आणि मग बसूनच राहतं. एसएसएच (दुरून लॉगिन) कधी लागतं कधी नाही. आणि सगळ्यात डोकं फिरवणारा प्रकार म्हणजे तीच व्हीएम डिलीट करून परत बनवली की कधीकधी एकदम मस्त चालते, त्यामुळे पोरांनी स्वतःच एक उपाय शोधला होता, नाही चालली की उडवायची आणि नवीन घ्यायची, चालेपर्यंत.

पुण्याजवळचं एक इंजिनिअरिंग कॉलेज, नाव सांगत नाही. कॉम्प्युटर डिपार्टमेंटने प्रोजेक्टसाठी आणि क्लाउडच्या प्रॅक्टिकलसाठी स्वतःचं प्रायव्हेट क्लाउड उभं केलं होतं, ओपनस्टॅक या क्लाउड सॉफ्टवेअरवर, ते बसवायचं कोला-ॲन्सिबल हे साधन वापरून. सुरुवातीला तीन सर्व्हर होते, एक कंट्रोलर आणि नेटवर्क नोड, बाकी दोन कॉम्प्युट, म्हणजे ज्यांवर व्हीएम चालतात. वर्षभर व्यवस्थित चाललं. मग चौथा सर्व्हर आला, जास्त रॅमचा, एचओडी मॅडमनी बरीच खटपट करून मंजूर करून घेतलेला, आणि तो जोडल्यावर हे सगळं सुरू झालं. मी बाहेरून मदतीला गेलो होतो.

आधी रचना सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. प्रत्येक सर्व्हरला तीन नेटवर्क कार्डं वापरात होती. एक मॅनेजमेंटचं, एक जीबीचं (म्हणजे सेकंदाला एक गिगाबिट), त्यावर एपीआय, डेटाबेस, इमेज कॉपी होणं वगैरे. दुसरं प्रोव्हायडर नेटवर्कचं, म्हणजे ज्यातून व्हीएम कॉलेजच्या लॅनवर आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतात. या कार्डाला आयपी द्यायचाच नसतो कारण ते अख्खं बीआर-ईएक्स नावाच्या ब्रिजला, म्हणजे सर्व्हरच्या आतल्या आभासी स्विचला, जातं (हे माहीत नसल्याने रिमोटवर बसून स्वतःचंच एसएसएच कापून घेतलेले बरेच लोक आहेत). आणि तिसरं दहा जीबीचं कार्ड, टनेलसाठी, म्हणजे व्हीएमचं ट्रॅफिक एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर न्यायला. पोरांची आपापली प्रायव्हेट नेटवर्कं व्हीएक्सलॅनवर होती. व्हीलॅन (स्विचवरच वेगवेगळी नेटवर्कं पाडायची पद्धत) का नाही, तर व्हीलॅनचा नंबर १२ बिटांचा, त्यात ४०९४ नेटवर्कं मावतात आणि प्रत्येक वेळी स्विचवर जाऊन तो व्हीलॅन सोडून घ्यायला लागतो, म्हणजे कॉलेजच्या नेटवर्क ऑफिसला अर्ज करा. व्हीएक्सलॅनचा नंबर २४ बिटांचा, पावणेदोन कोटीच्या जवळ जागा, आणि स्विचला काही कळायची गरजच नाही, त्याला फक्त ४७८९ पोर्टची साधी यूडीपी पॅकेट्स दिसतात. पोरं हवी तेवढी नेटवर्कं बनवतात, मोडतात, कुणाला विचारायला नको.

ही सोय फुकट नाही. व्हीएममधून निघालेली अख्खी इथरनेट फ्रेम दुसऱ्या पॅकेटच्या पोटात घालून पाठवायची म्हणजे वरून ५० बाइट चढतात: बाहेरचा आयपी हेडर २०, यूडीपी ८, व्हीएक्सलॅन ८, आणि आतल्या फ्रेमचा स्वतःचा इथरनेट हेडर १४. म्हणून खालचं नेटवर्क १५०० बाइटचं असेल तर व्हीएमचा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल साइज, १४५० ठेवावा लागतो. न्यूट्रॉन, म्हणजे ओपनस्टॅकचा नेटवर्क सांभाळणारा भाग, हे गणित स्वतः करतो आणि डीएचसीपीमधून (आयपी वाटणारी सोय) व्हीएमला सांगतो, हाताने काही करायची गरज नाही. फक्त एक अट आहे, खालचं नेटवर्क किती मोठं आहे हे न्यूट्रॉनला तुम्हीच सांगायचं असतं. तो जाऊन मोजून बघत नाही.

इथे कुणीतरी पहिल्यापासून ग्लोबल फिजनेट एमटीयू या सेटिंगमध्ये ९००० लिहून ठेवलं होतं. विचार चुकीचा नव्हता, दहा जीबीची कार्डं आहेत तर जम्बो फ्रेम, म्हणजे १५०० पेक्षा मोठ्या फ्रेम, चालवू, सीपीयूवरचा लोड कमी होईल, आणि तिन्ही सर्व्हर ज्या स्विचला होते त्यावर जम्बो चालू पण केलं होतं. व्हीएमना ८९५० मिळत होता आणि सगळं पळत होतं.

मी जायच्या आधी काय काय करून झालं होतं ते ऐकण्यासारखं आहे. पहिला संशय अर्थातच सिक्युरिटी ग्रुपवर (व्हीएमच्या फायरवॉलचे नियम), कारण ओपनस्टॅकमध्ये काही चाललं नाही की पहिली शिवी त्यालाच बसते. सगळे प्रोटोकॉल, सगळे पोर्ट, शून्य ते ६५५३५, सगळ्या जगाला उघडे करून टाकले. फरक शून्य. पिंग आत येतंय, टीसीपीचं कनेक्शन लागतंय, फक्त डेटा वाहायला लागला की अडकतंय, तर हा सिक्युरिटी ग्रुप कसा असेल? तो अडवतो तेव्हा कनेक्शनच लागू देत नाही. मग डीएनएस बदलून बघितला. मग उबुंटूचा मिरर (जिथून अपडेट उतरतात तो सर्व्हर) बदलला, कारण एका सरांच्या मते तो मिररच स्लो होता. मग कॉलेजच्या फायरवॉलवाल्यांशी भांडण झालं, त्यांनी लॉग दाखवून हात वर केले. शेवटी "सगळं पुसून परत इन्स्टॉल करू" इथपर्यंत गाडी आली होती, ते नशिबाने सेमिस्टर चालू असल्यामुळे राहिलं.

मी पहिलं काम केलं ते म्हणजे ॲडमिनच्या लॉगिनने सगळ्या व्हीएमची यादी काढली, कोणती कुठल्या होस्टवर आहे त्या कॉलमसकट. हा कॉलम साध्या युजरला दिसत नाही, त्याला होस्टच्या नावाऐवजी एक लांबलचक हॅश दिसतो, त्यामुळे पोरांना पॅटर्न कळायचा काही मार्गच नव्हता. बिघडलेल्या व्हीएमची नावं समोर ठेवली तर एकूण एक चौथ्या सर्व्हरवर. चालणाऱ्या सगळ्या दुसऱ्या आणि तिसऱ्यावर. आणि नवीन व्हीएमच का बिघडतात याचं उत्तर पण तिथेच होतं, नोव्हाचा (ओपनस्टॅकचा व्हीएम चालवणारा भाग) शेड्युलर डिफॉल्टने जिथे रॅम जास्त मोकळी तिकडे वजन टाकतो, चौथा सर्व्हर नवाकोरा आणि रिकामा, म्हणजे नवीन आलेली जवळपास प्रत्येक व्हीएम तिकडेच जाणार. तो भरत आला की एखादी चुकून दुसरीकडे पडते आणि मग "परत बनवल्यावर चालली". पोरांचा उपाय म्हणजे लॉटरी होती. त्यात चौथ्या सर्व्हरवरच्या दोन व्हीएम एकमेकींशी बोलताना काहीच अडचण नव्हती, कारण ते ट्रॅफिक त्याच मशीनच्या आत बीआर-इंट या ब्रिजवर फिरतं, टनेलमध्ये जातच नाही.

आता इथून पुढे न्यूट्रॉनला हात न लावता खालून वर जायचं. माझं मत आहे की ओव्हरलेच्या (एका नेटवर्कवर चढवलेलं दुसरं नेटवर्क) कुठल्याही भानगडीत आधी होस्ट ते होस्ट मोजून घ्यावं आणि मगच वरच्या थराकडे बघावं, कारण नेमस्पेस, ओव्हीएसचे फ्लो, टॅप डिव्हाइस या जंगलात एकदा शिरलं की दिवस जातो आणि हाताला काही लागत नाही. पहिल्या सर्व्हरवरून टनेलच्या आयपीवर पिंग, तुकडे न करण्याच्या अटीसकट, म्हणजे -एम डू, आणि साइज -एस ८९७२. आकडा असा का, तर ९००० मधून आयपीचे २० आणि आयसीएमपीचे (पिंग आणि एररचे निरोप ज्यातून जातात तो प्रोटोकॉल) ८ वजा. दुसऱ्या सर्व्हरला मारलं, लगेच उत्तर. तिसऱ्याला मारलं, उत्तर. चौथ्याला मारलं, काही नाही. चौथ्यालाच १४७२ ने मारलं, उत्तर. २००० ने, काही नाही.

या "काही नाही" कडे नीट बघायचं. चौथ्या सर्व्हरला जायच्या वाटेवर आपल्याच कार्डाचा एमटीयू लहान असता तर पिंगने तिथल्या तिथे तोंडावर सांगितलं असतं की मेसेज फार मोठा आहे, एमटीयू इतका इतका. इथे एरर नाही, नुसती शांतता, आणि शेवटी शंभर टक्के लॉस. म्हणजे आपलं कार्ड तरी ९००० वर आहे, त्याला वाटतंय सगळं ठीक आहे, आणि पुढे वाटेत कुणीतरी गुपचूप गिळतोय.

मधे कोण आहे म्हणून केबल धरून रॅकच्या मागे गेलो. जुन्या स्विचचे दहा जीबीचे पोर्ट संपले होते म्हणून चौथ्या सर्व्हरची केबल शेजारच्या रॅकमधल्या दुसऱ्या स्विचला लावली होती, आणि तो स्विच अपलिंकने पहिल्याला जोडलेला. दुसऱ्यावर जम्बो नाही. त्याच्या पोर्टचे काउंटर बघितले तर जायंट्स (मर्यादेपेक्षा मोठ्या फ्रेम) नावाचा आकडा हजारोंमध्ये, आणि आम्ही पिंग मारला की आमच्या डोळ्यांसमोर वाढत होता. केबल लावणाऱ्याची चूक म्हणता येत नाही, लिंकचा दिवा हिरवा होता, पिंग होत होतं, त्याचं काम झालं होतं.

रेल्वे फाटकाच्या आधी रस्त्यावर लोखंडी हाइट गेज असतो बघा, ताडपत्री बांधून वर माल चढवलेला टेम्पो तिथे अडतो तसा हा प्रकार, फक्त इथे अडलेल्या ड्रायव्हरला परत जाऊन मालकाला सांगायची सोय नाही. राउटर असता तर त्याने पाठवणाऱ्याला आयसीएमपीने कळवलं असतं की पॅकेट लहान कर, पाथ एमटीयू डिस्कव्हरी याच भरवशावर चालते, १९९० च्या आरएफसी ११९१ पासून. पण स्विचला आयपीच कळत नाही. मोठी फ्रेम आली, टाकून दिली, काउंटर एकने वाढवला, विषय संपला.

आणि टीसीपी? तो तर स्वतः साइज ठरवून घेतो ना, हा प्रश्न तिथल्या एका थर्ड इयरच्या मुलीने विचारला, आणि एकदम योग्य विचारला. टीसीपीत दोन्ही बाजू सुरुवातीला एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती डेटा घेणार ते, सांगतात, पण प्रत्येक बाजू आपल्या कार्डाकडे बघून सांगते. व्हीएमने ८९१० सांगितलं, इंटरनेटवरच्या मिररने १४६०, लहान आकडा जिंकला, १४६०. म्हणजे मिररकडून पूर्ण १५०० बाइटचं पॅकेट निघालं, कॉलेजपर्यंत आलं, नेटवर्क नोडवरच्या राउटरने आत घेतलं, व्हीएक्सलॅनमध्ये गुंडाळलं, झालं १५५०, आणि दुसऱ्या स्विचवर मेलं. हँडशेकची (कनेक्शन लावतानाची) पॅकेट्स छोटी, ती पोचली. डीएनएसचं उत्तर छोटं, पोचलं. पिंग ५६ बाइटचं, पोचलं. डेटाचं पहिलं भरलेलं पॅकेट आलं की खेळ खल्लास. एसएसएच पण म्हणूनच 'की एक्स्चेंज'च्या (गुप्त किल्ल्या ठरवायच्या) पायरीवर लटकत होतं, तिथे दोन्ही बाजू आपल्या अल्गोरिदमच्या लांबलचक याद्या पाठवतात. व्हर्बोज लॉगमध्ये शेवटची ओळ 'की एक्स्चेंज'च्या उत्तराची वाट बघतोय अशी दिसली की मी तरी बाकी सगळं सोडून आधी एमटीयू बघतो.

खात्रीसाठी राउटरच्या नेमस्पेसमधून (नेटवर्क नोडवरचा त्या राउटरचा वेगळा कप्पा) चौथ्या सर्व्हरवरच्या एका व्हीएमला पिंग केलं: १४२२ गेलं, १४५० नाही. आणि दोन्ही सर्व्हरवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेट्स दाखवणारं साधन) लावला, यूडीपी ४७८९ वर. पहिल्यावर मोठं पॅकेट बाहेर पडताना दिसतंय, चौथ्यावर ते आलंच नाही. यापुढे कुणाला वाद घालायला जागा नव्हती. 'सेफ' ही स्टोरेज सिस्टिम वापरत असते तर हे कदाचित पहिल्या दिवशीच कळलं असतं, कारण सेफच्या ओएसडीचे (डिस्क सांभाळणारा भाग) हार्टबीट, म्हणजे 'मी चालू आहे' सांगणारे निरोप, मुद्दाम २००० बाइटपर्यंत फुगवलेले असतात, असला स्विच मधे असेल तर लगेच बोंब होते. इथे सगळ्या व्हीएम लोकल डिस्कवर होत्या, त्यामुळे बोंबलणारं कुणी नव्हतं.

आता दुरुस्ती. सरळ उत्तर म्हणजे दुसऱ्या स्विचवर जम्बो चालू करा. पण बऱ्याच जुन्या स्विचमध्ये हा आकडा एकेका पोर्टला लागत नाही, अख्ख्या स्विचला लागतो आणि नंतर रिलोड मागतो, हा स्विच त्यातलाच निघाला, आणि त्याच स्विचवर एक्झाम सेल. ऑनलाइन परीक्षा चालू. नेटवर्क ऑफिसचे साहेब म्हणाले, "अहो, परीक्षा होईपर्यंत त्या स्विचकडे बोट पण दाखवू नका." बरोबरच होतं त्यांचं. दुसरा मार्ग, पहिल्या स्विचला जादा मॉड्यूल आणि केबल घेणे, म्हणजे तीन कोटेशन, परचेस कमिटी, पुढच्या महिन्याची मीटिंग. तोपर्यंत प्रॅक्टिकल थांबवता येत नाहीत. म्हणून ठरवलं की खालचं नेटवर्क १५०० चंच आहे असं धरून चालायचं. स्पीड थोडा जाईल, पण पोरांच्या वेबसाइटी आणि डेटाबेसला त्याचा काडीचा फरक पडत नाही.

ग्लोबल फिजनेट एमटीयू आणि पाथ एमटीयू (टनेलच्या नेटवर्कांसाठीची मर्यादा) ही दोन्ही सेटिंग १५०० केली, कोलाच्या कॉन्फिग फोल्डरमधल्या ओव्हरराइडमध्येच, कंटेनरच्या आत शिरून नाही, नाहीतर पुढच्या रीकॉन्फिगरला सगळं पुसलं जातं. रीकॉन्फिगर चालवलं, सर्व्हिस वर आल्या, आणि सगळ्यांनी जुनी व्हीएम रीबूट करून बघितली तर जैसे थे. कारण नेटवर्क बनवताना त्याचा एमटीयू डेटाबेसमध्ये लिहिला जातो आणि पाइक रिलीजपासून तो तिथेच राहतो, कॉन्फिग बदललं तर फक्त नवीन नेटवर्कांना लागू. जुन्यांना एकेक करून नेटवर्क सेट कमांडने १४५० द्यावा लागतो. ते एक छोटं लूप लिहून झालं. मग व्हीएमना हार्ड रीबूट, साधा नाही, म्हणजे टॅप डिव्हाइस (व्हीएमचं होस्टच्या बाजूचं आभासी कार्ड) परत नव्या आकड्याने लागतं.

तरीही काही उबुंटूच्या व्हीएम आत ८९५० च दाखवत होत्या. हे क्लाउड-इनिटचं काम, तो व्हीएमच्या आत बसून सुरुवातीची सेटिंग लावतो. पहिल्या बूटला तो ओपनस्टॅककडून नेटवर्कची माहिती घेतो आणि नेटप्लॅनच्या (उबुंटूची नेटवर्क सेटिंग) फाइलमध्ये एमटीयूचा आकडा लिहून मोकळा होतो, नंतर त्या व्हीएमसाठी परत लिहीत नाही. डीएचसीपी काहीही सांगो, फाइलमधलं चालतं. त्या फाइलमधली ती एक ओळ बदलून नेटप्लॅन अप्लाय. ज्यांना एसएसएचच लागत नव्हतं त्यांनी हॉरायझनमधल्या (ओपनस्टॅकचं वेब पान) कन्सोलवरून केलं, आणि ज्यांच्या इमेजला पासवर्डच नव्हता त्यांनी व्हीएम नवीन घेतली, या वेळी लॉटरी न खेळता.

दोन दिवस सगळे खूश आणि मग फायनल इयरचा एक ग्रुप आला, "सर, व्हीएममध्ये आता सगळं चालतंय पण डॉकरच्या आत पिप इन्स्टॉल अडकतंय, ते पण काही साइटवरूनच." चांगला नमुना आहे हा. डॉकर व्हीएमच्या आत वेगवेगळे कंटेनर चालवतो, आणि त्याचा ब्रिज डिफॉल्टने १५०० धरून चालतो, व्हीएमचं कार्ड १४५०, त्यामुळे कंटेनर बाहेरच्या जगाला १४६० चा एमएसएस सांगतो आणि तिकडून १५०० ची पॅकेट्स येतात. ती न्यूट्रॉनच्या राउटरपर्यंत पोचतात, तो आतल्या बाजूचा १४५० बघून आयसीएमपीने तक्रार पाठवतो, म्हणजे या वेळी मधे बोलणारा माणूस आहे. पण ज्या साइटचे फायरवॉल आयसीएमपी आंधळेपणाने टाकून देतात तिथे ती तक्रार पोचत नाही, आणि नेमक्या त्याच साइट अडकतात. कुणीतरी राउटरच्या नेमस्पेसमध्ये आयपीटेबल्सचा एमएसएस क्लॅम्प (एमएसएस जबरदस्तीने कमी करणारा नियम) टाकू म्हणालं. चालेल, पण तो नियम न्यूट्रॉनला माहीत नसणार, एजंटने राउटर परत बनवला की गेला, आणि सहा महिन्यांनी कुणाला आठवणार की असा काही नियम होता. त्यापेक्षा डॉकरच्या डीमन फाइलमध्ये एमटीयू १४५० लिहिला, आणि कंपोज (अनेक कंटेनर एकत्र उभे करणारं डॉकरचं साधन) वापरणाऱ्यांना सांगितलं की तो आकडा फक्त डिफॉल्ट ब्रिजला लागतो, कंपोज स्वतःचं नेटवर्क बनवतं त्याला ड्रायव्हर ऑप्शनमध्ये वेगळा द्यायचा. हे आता तयार इमेजमध्येच घालून ठेवलंय.

एक गोष्ट जाता जाता सापडली जी कुणाच्या तक्रारीत नव्हती. ग्लोबल आकडा ९००० असताना प्रोव्हायडर नेटवर्क पण स्वतःला ९००० समजत होतं, आणि ते तर थेट कॉलेजच्या साध्या लॅनला जोडलेलं. टीसीपीत समोरचा १४६० म्हणत असल्यामुळे झाकलं गेलं होतं, मोठं यूडीपी कुणी पाठवलं असतं तर बाहेर पडल्या पडल्या गायब. जम्बो करायचंच असेल तर फिजिकल नेटवर्क एमटीयूज या सेटिंगमध्ये त्या फिजनेटला वेगळा १५०० द्यायचा असतो, ते वर्षभर राहूनच गेलं होतं.

सिक्युरिटी ग्रुप परत बंद करायला मात्र सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण कुठे कुठे उघडले होते याची कुणी नोंदच ठेवली नव्हती, आणि त्यातल्या काही व्हीएमना फ्लोटिंग आयपी, म्हणजे बाहेरून पोचता येणारे पत्ते, होते.

पुढे मॉड्यूल आलं, चौथा सर्व्हर पहिल्या स्विचवर गेला, ८९७२ चं पिंग चारही बाजूंनी व्हायला लागलं. जम्बो परत चालू करा असा आग्रह लगेच सुरू झाला, मी नको म्हणालो. पाचवा सर्व्हर परत कुठल्या स्विचला लागेल कुणास ठाऊक. शिवाय त्यांना पुढच्या सुट्टीत ओव्हीएनवर (न्यूट्रॉनच्या खाली चालणारी दुसरी नेटवर्क यंत्रणा) जायचंय, आणि ओव्हीएन व्हीएक्सलॅनऐवजी जिनीव्ह हा टनेलचा प्रकार वापरतो, त्याचा बोजा ५० नाही, ५८ बाइट. १५०० वर व्हीएमला १४४२ उरतात. आत्ताची १४५० ची नेटवर्कं तशीच नेली तर १५०८ होतात, आणि आठ बाइटसाठी हेच सगळं रामायण परत. म्हणून पाथ एमटीयू आत्तापासून १४९२ करून ठेवलाय, त्यातून ५० गेले की नवीन नेटवर्कं आपोआप १४४२ ची बनतात, जुनी सेमिस्टर संपलं की एकेक करून खाली आणायची, आणि ओव्हीएन आल्यावर पाथ एमटीयू परत १५००. फाइलमध्ये त्या ओळीच्या वर कॉमेंट टाकलीय की १४९२ हा टायपो नाही, कृपया दुरुस्त करू नये.